सातपुड्याची वाट शोधणारे सुंदरलाल होरा

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी हे गाव भातशेतीच्या सपाट मुलखात वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली आणि तेव्हापासून या गावाचे नाव विमानतळाशी जोडले गेले. मृगाचा पाऊस जोराने कोसळू लागला, की या मुलखातील तलाव भरून ओसंडू लागतात. मग तलावातील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात आणि नाल्यांतून थेट धानाच्या बांध्यांत येतात. ही चढण पाहण्यासाठी लहानथोर सारे बांधावर गोळा होतात.

मासा असा चढून चढून किती दूर जाऊ शकेल? एका तलावातून दुसऱ्या तलावात, फार तर एका नाल्यातून नदीत, असे उत्तर आपण देऊ. परंतु आसामच्या डोंगरातील मासे पिढ्यान् पिढ्या प्रवास करीत केरळच्या डोंगरापर्यंत पोचले असावेत आणि त्यांची वाट याच गोंदियाच्या उत्तरेकडील सातपुड्यातून गेली असावी, असे मानणारा एक थोर शास्त्रज्ञ आपल्या देशात होऊन गेला. त्यांचे नाव सुंदरलाल होरा.

होरांचा जन्म मे 1896 मध्ये पंजाबमधील हाफिजाबाद या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. पंजाब म्हणजे पाच नद्यांचा देश. परंतु होरांचे नाव पुढे ज्यांच्यामुळे अजरामर झाले, ते मासे या मोठ्या, संथ नद्यांतील नव्हते. लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला आणि त्यात उत्तम यश संपादन केले. 1919 साली डॉ. नेल्सन ॲनंडेल हे लाहोरला आले. भारतातील प्राण्यांची पद्धतशीर पाहणी करण्यासाठी 1916 साली कलकत्त्यास भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली होती आणि ॲनंडेल हे तिचे पहिले प्रमुख होते. या तरुण विद्यार्थ्याची हुशारी त्यांच्या पारखी नजरेतून सुटली नाही. त्यांनी होरांना कलकत्त्यास बोलावून घेतले. तेथून पुढे होरांचे सारे आयुष्य या संस्थेशी निगडित झाले.

थोड्याच दिवसांत होरा मणिपूरला गेले. तेथील सरोवरांतील व डोंगरझऱ्यांतील मासे त्यांनी गोळा केले व 1921 साली त्यांविषयी विस्तृत लेख प्रसिद्ध केला. त्यानंतर त्यांनी खासी टेकड्यांतील खळाळत्या ओढ्यांचा अभ्यास हाती घेतला. हे काम सोपे नव्हते. डोंगरातील ओढा म्हणजे उतारावरून कोसळणारे पाणी आणि पायाखाली शेवाळलेले गुळगुळीत दगड. अशा पाण्यात माणसाला नीट उभेही राहता येत नाही. मग बोटाएवढा मासा तेथे कसा तग धरून राहतो? या एका प्रश्नाने होरांच्या मनाची पकड घेतली.

त्यांनी दगड उलथून पाहिले, मासे जिवंत असताना निरखले, नंतर प्रयोगशाळेत त्यांचे बारीकसारीक अवयव तपासले. त्यांना असे आढळून आले, की या माशांचे शरीर तलावातल्या माशांसारखे नसते. कित्येकांचे पोट सपाट असते, म्हणजे शरीर दगडाला घट्ट चिकटून बसते व पाणी वरून निघून जाते. काहींचे पुढचे व मागचे पर पसरट होऊन दगडावर तळहातासारखे टेकतात. काहींच्या छातीवर कातडीच्या घड्या असतात. त्या घड्यांमुळे मासा निसरड्या दगडावरून घसरत नाही. ओढ्याचा वेग जितका अधिक, तितकी ही साधने अधिक विकसित झालेली दिसतात. 1930 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने होरांचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध केला आणि त्यांची कीर्ती जगातील शास्त्रज्ञांत पसरली.

या अभ्यासातून त्यांच्या ध्यानी आणखी एक महत्त्वाची गोष्ट आली. परस्परांशी नाते नसलेल्या दोन निरनिराळ्या कुळांतील माशांनाही चिकटून राहण्याची जवळजवळ सारखीच साधने लाभलेली असतात. दोघेही वेगवान पाण्यात राहू लागले, म्हणून दोघांचीही शरीरे एकाच प्रकारे घडत गेली. याचा अर्थ असा, की केवळ रूप सारखे दिसले म्हणून नाते जवळचेच असेल असे नाही. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. कारण पुढे होरांच्या स्वतःच्या सिद्धान्ताची कसोटी याच गोष्टीवर लागणार होती.

होरांकडे देशाच्या कानाकोपऱ्यांतून मासे येऊ लागले. महाराष्ट्रातील नाशिकजवळच्या देवळालीचे व पुण्याचे मासेही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासले. दक्षिणेतील त्रावणकोरच्या डोंगरांतून आलेले मासे पाहताना मात्र ते विचारात पडले. पूर्व हिमालय, आसाम, ब्रह्मदेश व मलाया येथील डोंगरझऱ्यांतील माशांशी या माशांचे विलक्षण साम्य होते. मधे मात्र शेकडो कोसांचा प्रदेश पसरलेला होता आणि त्यातील बऱ्याचशा भागात असे मासे नव्हते.

पक्षी उडून जाऊ शकतो. झाडाचे बी वाऱ्याबरोबर किंवा पक्ष्याच्या पोटातून दूर जाऊ शकते. परंतु खळाळत्या, थंड, स्वच्छ पाण्यावाचून ज्याला जगता येत नाही, तो मासा गंगेच्या गढूळ व संथ पाण्यातून किंवा दख्खनच्या तापलेल्या पठारावरून कसा जाणार? त्याला डोंगराला डोंगर जोडलेला हवा आणि प्रत्येक डोंगरावर बारमाही झरा हवा. होरांनी भारताचा नकाशा समोर ठेवला. आसामच्या गारो टेकड्या, मग बिहारकडील राजमहालच्या टेकड्या, पुढे छोटा नागपूरचे पठार, मैकल, सातपुडा व विंध्य आणि शेवटी सह्याद्री, अशी एक साखळी त्यांना दिसली. याच साखळीने मासे पूर्वेकडून पश्चिमेकडे व तेथून दक्षिणेकडे गेले असावेत, असे त्यांनी मांडले. हाच शास्त्रीय जगात प्रसिद्ध असलेला सातपुडा सिद्धान्त होय.

परंतु येथे एक मोठी अडचण होती. आजचा सातपुडा पाहिला, तर ही गोष्ट खरी वाटत नाही. मेळघाटात काय किंवा बालाघाटच्या बाजूस काय, पुष्कळ ठिकाणी सागाची व इतर पानझडी झाडांची वने आहेत. उन्हाळ्यात ती निष्पर्ण होतात आणि कित्येक ओढे कोरडे पडतात. कोरड्या ओढ्यातून मासा कसा प्रवास करील?

या प्रश्नाचे उत्तर होरांनी हवामानात शोधले. पृथ्वीचे हवामान नेहमी आजच्यासारखे नव्हते. गेल्या सुमारे पंचवीस लक्ष वर्षांत हिमयुगे अनेकदा आली व गेली. अगदी अलीकडचे हिमयुग सुमारे 20,000 वर्षांपूर्वी ऐन भरात होते. त्या वेळी युरोप व उत्तर अमेरिकेचे मोठे भाग बर्फाखाली गेले होते. समुद्राचे पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकून पडल्याने समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 100 मीटरांहून अधिक खाली होती.

असे थंड युग आले, की डोंगरावरील वने काय करतात? आपणांस ठाऊकच आहे, की उंची वाढते तशी हवा थंड होत जाते. दर 1,000 मीटरला सुमारे 6 अंश सेल्सियसने तापमान उतरते. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी एक प्रकारची झाडे, मध्यावर दुसऱ्या प्रकारची आणि माथ्यावर तिसऱ्या प्रकारची, अशा वनांच्या पायऱ्या दिसतात. हवा थंड झाली, तर माथ्यावरची वने खाली उतरू लागतात. झाडे जागची हलत नसली, तरी त्यांची बीजे खालच्या अंगास रुजू लागतात. अशी वने पुरेशी खाली उतरली, की दोन डोंगरांमधील दरीत एकमेकांना भेटतात आणि वेगवेगळे डोंगर एकाच हिरव्या पट्ट्याने जोडले जातात. पुढे हवा तापू लागली, म्हणजे तीच वने पुन्हा वर चढतात, मधला दुवा तुटतो आणि प्रत्येक शिखर समुद्रातील बेटासारखे एकटे पडते. त्या बेटावर अडकलेले प्राणी व वनस्पती परतीची वाट नसल्याने तेथेच राहतात.

हा विचार होरांच्या आधीही काहींना सुचला होता. मेडलिकॉट व ब्लॅनफोर्ड या भूगर्भशास्त्रज्ञांनी 1879 साली हिमालयातील काही वनस्पती व प्राणी दक्षिणेच्या उंच डोंगरांवर आढळतात याकडे लक्ष वेधले होते आणि त्याचे कारण हिमयुगात शोधले होते. निलगिरीच्या माथ्यावर फुलणारा लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन हा हिमालयातील त्याच नावाच्या वृक्षाचा अगदी जवळचा आप्त आहे. होरांनी या विचाराला माशांचा पुरावा जोडला आणि प्रवासाची निश्चित वाट दाखविली. थंड युगात सातपुड्यावर पाऊस अधिक पडत असावा, तेथील झरे बारमाही वाहत असावेत आणि त्यांवर दाट वनांची छाया असावी, असे त्यांचे मत होते.

आपला विचार इतरांनी तपासून पाहावा, अशीच होरांची वृत्ती होती. 1949 साली भारतीय राष्ट्रीय विज्ञान संस्थेने सातपुडा सिद्धान्तावरील चर्चेचे लेख प्रसिद्ध केले. त्यात निरनिराळ्या शास्त्रांच्या अभ्यासकांनी भाग घेतला. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी सातपुडा हा पक्ष्यांचाही राजमार्ग होता का, याची चिकित्सा केली. सह्याद्रीच्या ओढ्यांवर पहाटे शीळ घालणारा शीळकरी कस्तूर हा पक्षी सातपुड्यातही आढळतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू भीमाशंकरला आहे, तसा मेळघाटातही आहे. सातपुड्याच्या पचमढी या भागातील थंड, ओलसर घळींत वृक्षनेचे आजही तग धरून आहेत. धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर तेथेच असून त्याची उंची सुमारे 1,350 मीटर आहे. भोवती सागाचा मुलूख असताना पचमढीला सालवृक्षांचे एक वेगळे वन उभे आहे. एखाद्या मोठ्या तलावाचे पाणी आटून खोल जागी तेवढी डबकी उरावीत, तशी ही वने उरलेली असावीत, असे पाहणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही.

होरांचे जीवन केवळ संशोधनात सुखाने गेले, असे नाही. दुसऱ्या महायुद्धात कलकत्त्यावर संकट आले, तेव्हा प्राणिसर्वेक्षण संस्थेचा संग्रह काशीस हलविण्यात आला. 1943 साली तेथे वरुणा नदीला पूर आला आणि अनेक वर्षे जमविलेले प्राण्यांचे कितीतरी नमुने पाण्यात खराब झाले. 1947 साली होरा संस्थेचे प्रमुख झाले. त्याच वर्षी देशाची फाळणी झाली आणि त्यांची जन्मभूमी परदेश ठरली. युद्ध व पूर यांनी खिळखिळ्या झालेल्या संस्थेची घडी बसविण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. ते त्यांनी निष्ठेने केले.

मत्स्यशास्त्र लोकांच्या उपयोगी पडावे, असेही त्यांना मनापासून वाटे. मत्स्यशेतीविषयी त्यांनी सहकाऱ्याबरोबर लिहिलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1962 साली प्रसिद्ध झाला. प्राचीन भारतीयांना माशांचे किती ज्ञान होते, याचाही त्यांनी शोध घेतला. अशोकाच्या लेखांतील मासेमारीवरील निर्बंध त्यांनी अभ्यासले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात वर्णिलेले मासे आजचे कोणते, हे त्यांनी लावून पाहिले. 8 डिसेंबर 1955 रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, होरांचे निधन झाले.

होरा गेले, त्यांचा सिद्धान्त मात्र वादात जिवंत राहिला. त्यांच्या पश्चात संशोधनाची नवी साधने निघाली. निलगिरीच्या दलदलीत हजारो वर्षे साचत आलेल्या काळ्या मातीच्या थरांत जुन्या गवतांचे व झाडांचे अंश टिकून आहेत. भारतीय शास्त्रज्ञांनी ते तपासून 1993 साली दाखवून दिले, की सुमारे 20,000 ते 16,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, तेथील हवा थंड होतीच, पण ती रुक्षही होती. तेव्हा वनांऐवजी गवताचे राज्य होते. पुढे हवा उबदार झाली, मोसमी पाऊस वाढला, तेव्हा वनांना पुन्हा बहर आला. म्हणजे थंडी आली की पाऊस वाढतो, हे होरांचे अनुमान निदान त्या काळापुरते बरोबर ठरले नाही.

दुसरा धक्का निलगिरी तहर या रानबकऱ्याने दिला. तो हिमालयातील तहरचा सख्खा भाऊ समजला जात असे आणि उत्तरेतून दक्षिणेत झालेल्या प्रवासाचे उदाहरण म्हणून त्याचे नाव हमखास घेतले जाई. 2005 साली आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, तेव्हा त्याचे नाते मेंढ्यांशी अधिक जवळचे असल्याचे आढळले. कड्याकपारींतील सारख्या जीवनामुळे दोघांचे रूप सारखे झाले होते. रूपाच्या सारखेपणाने फसू नये, हे होरांनीच माशांच्या अभ्यासातून दाखविले होते. तोच इशारा आता त्यांच्या सिद्धान्ताला लागू पडला. आज शास्त्रज्ञ असे मानतात, की दक्षिणेतील काही जीव उत्तरेकडून आले, काही दक्षिणेतच घडले आणि जे आले, ते सारे एकाच काळी किंवा एकाच वाटेने आले असतील असे नाही.

मग होरांचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज इतके शास्त्रज्ञ झटत आहेत, तो प्रश्न इतक्या नेमकेपणाने त्यांनीच मांडला होता. शिवाय त्यांच्या विचाराचा गाभा आजही पक्का आहे. हवामान पालटले की डोंगरावरील वने, झरे व त्यांतील जीव जागचे हलतात, हे त्यांनी ओळखले होते.

ही गोष्ट आज आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. एकोणिसाव्या शतकानंतर कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनामुळे पृथ्वीची हवा सरासरीने 1 अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापली आहे. युरोपातील 302 शिखरांवरील सुमारे 145 वर्षांच्या नोंदी तपासल्या असता, खालच्या वनस्पती वर चढत असून त्यांचा वेग अलीकडे वाढत चालला आहे, असे 2018 साली प्रसिद्ध झाले. हिमालयासारख्या उत्तुंग पर्वतावर वर सरकायला जागा आहे. परंतु महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही 1,646 मीटर उंचीचे आहे. माथ्यावरच्या झाडाला त्याच्याही वर जायचे झाले, तर तेथे आकाशच आहे. हिमयुगे हजारो वर्षांच्या सावकाश गतीने आली आणि गेली. वनांना एकमेकांपर्यंत पोचायला वेळ मिळाला. आजचा बदल काही दशकांचा आहे. आणि खालच्या दरीत आता वनांचा अखंड पट्टा नाही, तेथे रस्ते, शेते व गावे आहेत.

म्हणूनच दोन डोंगरांना जोडणाऱ्या वनांचे पट्टे राखून ठेवण्याला आज एवढे महत्त्व आले आहे. गोंदियाच्या नवेगाव व नागझिऱ्याच्या वनांपासून उत्तरेकडे कान्हा व पेंचपर्यंत वाघ ये-जा करतात, ती वाटही अशाच पट्ट्यांतून जाते. वाघ दिसतो, म्हणून त्याच्या वाटेची चर्चा होते. शीळकरी कस्तूर, वृक्षनेचा आणि दगडाला छाती टेकून बसलेला बोटभर मासा यांनाही वाट लागते, हे मात्र सहजी कोणाच्या लक्षात येत नाही. सुंदरलाल होरांच्या ते लक्षात आले होते.

पुढच्या पावसाळ्यात बांधीच्या तोंडाशी मासे चढताना दिसले, म्हणजे क्षणभर उत्तरेकडे पाहावे. सातपुड्यात उगम पावलेली वैनगंगा याच जिल्ह्याच्या कडेने वाहते. तिच्या डोंगरावरच्या एखाद्या घळीत, उन्हाळ्यातही न आटणाऱ्या एखाद्या झऱ्यापाशी, होरांच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर अजून कोणाची तरी वाट पाहत असेल.